खांब उभे आहेत तोवर

सागाचा एक खांब, माझ्या कमरेला लागेल एवढा. उन्हापावसाने राखाडी पडलेला, उभ्या भेगा गेलेला. वरच्या अंगाला कोरलेला सूर्य अजून बोटांना लागतो. चंद्राची कोर अर्धी झिजली आहे. खाली घोडेस्वार. घोड्याचे पाय ओळखू येतात, स्वाराचा चेहरा म्हणजे आता नुसता उंचवटा. कोरलेल्या रेषांच्या खाचेत जुन्या हळदीचा पिवळेपणा राहून गेला आहे. आणि बुंध्याशी वाळवीने मातीचा पापुद्रा चढवत आणला आहे, वीतभर.

हा मुंडा. कोरकू माणूस गेला की त्याला पुरतात. मग घरच्यांची ऐपत होईल तेव्हा, कधी वर्षाने तर कधी कितीतरी वर्षांनी, सिडोलीचा विधी होतो. सागाचं लाकूड आणायचं, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरून घ्यायचे, नातलगांना जेवायला बोलवायचं आणि खांब झाडाखाली पूर्वजांच्या जागेत रोवायचा. खांब उभा राहिला की गेलेला माणूस पूर्वजांत मिळाला. तोवर तो वाटेतच असतो, आणि घरच्यांच्या जिवालाही स्वस्थता नसते.

असा मुंडा मी पहिल्यांदा पाहिला तो संग्रामपूर तालुक्यात, सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला. सोबत एक कोरकू आजोबा होते. त्यांनी आधी चपला काढल्या, मग मला काढायला लावल्या. फोटो घेऊ का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. म्हणून या लेखासोबत त्या जागेचा फोटो नाही आणि गावाचं नावही नाही.

मी अमडापूरचा. चिखली-खामगाव रस्त्यावरचं आमचं गाव, टेकडीवर बल्लाळदेवी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बोलताना दोनच दिशा असतात, घाटावर आणि घाटाखाली. आम्ही घाटावरचे. खामगावकडे उतरलं की काळी जमीन लागते, पुढे नांदुरा, पूर्णा, खारपाणपट्टा, आणि मग उत्तरेला सातपुड्याची निळी ओळ. त्या ओळीच्या पायथ्याला जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे जिल्ह्याचे शेवटचे दोन तालुके. कोरकू, भिल्ल, भिलाला, निहाल ही माणसं तिथली. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, तरी घाटावरच्या कित्येकांचं उभं आयुष्य ती ओळ लांबून बघण्यातच जातं. माझंही तसंच जात होतं.

पण आपला जिल्हा नावारूपाला आला आहे तो कशावर, याचा जरा विचार करा. शेगावला श्री गजानन महाराजांनी 8 सप्टेंबर 1910 रोजी समाधी घेतली. आज तिथे रोज हजारो माणसं डोकं टेकवतात. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे, होळीच्या सुमारास तिथे सगळ्या जातीधर्मांची माणसं लोटतात. सिंदखेडराजाला लखुजीराजे जाधवांची समाधी आहे. 1629 मध्ये देवगिरीला त्यांचा घात झाला. जिजाऊंच्या वडिलांची ती समाधी आपण काळजाजवळ जपली. 2024 मध्ये पुरातत्त्व खात्याचं तिथे जतनाचं काम चालू असताना आसपासच्या जमिनीत शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, तेव्हा जिल्हाभरातून लोक बघायला गेले.

म्हणजे मेलेल्या माणसाची जागा पवित्र असते, हे बुलढाणा जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. शेगावच्या समाधीवरून रस्ता काढतो म्हणणारा अधिकारी या जिल्ह्यात एक रात्र टिकणार नाही. आपल्या देवघरातले टाक आठवा. आजोबा-पणजोबांचा चांदीचा टाक नागपंचमीला, दसऱ्याला आपण धुतो, गंध लावतो. सर्वपित्रीला कावळा शिवेपर्यंत जेवायला बसत नाही. कोरकूंचा मुंडा हा तोच टाक आहे. आपला देवघरात मावतो, त्यांचा झाडाखाली, पावसात उभा असतो.

या लेखातलं मागणं सरळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याला आणि वरच्या जंगलात कोरकूंच्या आणि इतर आदिवासींच्या दफनाच्या, पूर्वजांच्या जितक्या जागा आज उभ्या आहेत, त्या सगळ्यांची नोंद गावांनी स्वतः करावी, सरकारने ती मान्य करावी, आणि घाटावरच्यांनी त्यासाठी लागेल ती मदत करावी. रस्ता, रेल्वे, तार, रोपवन, खाण, काहीही येण्याच्या आधी.

आधी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नंतर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. नॉर्थ डकोटा राज्यात स्टँडिंग रॉकच्या सू लोकांच्या भागातून तेलाची पाइपलाइन चालली होती. वाटेत आपल्या पूर्वजांच्या कबरी आहेत, त्या अमुक अमुक जागी आहेत, अशी माहिती त्यांनी 2 सप्टेंबर 2016 रोजी न्यायालयात दिली. तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी त्याच पट्ट्यात बुलडोझर फिरले. माणसं धावत गेली तेव्हा त्यांच्यावर कुत्री सोडली गेली. जगभर बातम्या झाल्या, हजारो लोक तिथे जाऊन महिनोन्‌महिने तंबूत राहिले, पण पुढच्या वर्षी त्या पाइपमधून तेल वाहू लागलं. त्यांच्याकडे वकील होते, जाणते लोक होते, आख्ख्या जगाची सहानुभूती होती. यादी मात्र उशिरा पोचली.

आपल्याकडे यादीच नाही.

का नाही, हे समजून घ्यायचं तर नागपूरकडे जावं लागेल. काटोल रस्त्यावर जुनापाणीला सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. मोठमोठे धोंडे गोलात मांडलेले, मध्ये दगडगोट्यांचा भराव, खाली माणूस पुरलेला. लोहयुगातली माणसं ती, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती उकरली आणि 1879 मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. पुढे माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे उत्खननं झाली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, माहुरझरीच्या कबरींत घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले. विदर्भाच्या मातीत घोडा आणि मेलेला माणूस यांची सोबत इतकी जुनी आहे. कोरकूंच्या मुंड्यावरच्या घोडेस्वाराशी त्याचं काही नातं आहे की नाही, ते अभ्यासकांनी ठरवावं. मला तो स्वार बघताना माहुरझरी आठवल्याशिवाय राहत नाही. आणि गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला माडिया लोक गेलेल्या माणसासाठी आजही दगड उभा करतात. तीन हजार वर्षांची रीत तिकडे अजून चालू आहे.

जुनापाणीच्या दगडांना कायद्याचं कुंपण मिळालं. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी 200 मीटरवर नियंत्रण आलं. पण त्या कायद्याची एक अट आहे. स्मारक निदान 100 वर्षांचं असावं लागतं.

सागाच्या खांबाला 100 वर्षं कुठून आणायची? साग चिवट खरा, पण जंगलातला पाऊस, वणवा, वाळवी यांच्यापुढे उघड्यावरचा कोरीव खांब दोन-तीन पिढ्यांत मातीत जातो. जाणारच, कोरकूंना त्याचं दुःख नसतं, कारण शेजारी नवा खांब रोवला जातो आणि जागा चालू राहते. पुरातन आहे ती जागा. लाकूड बदलतं. आणि आपला कायदा लाकडाचं वय विचारतो. दगडात पुरलेल्या माणसाला संरक्षण मिळालं आणि लाकडाखाली पुरलेला माणूस उघड्यावर राहिला, हा अन्याय मला सहन होत नाही. तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्याचं कुणी वारस म्हणून पुढे येत नाही, तरी तो सुरक्षित. ज्याची नात आज आश्रमशाळेत सातवीत शिकते, त्याच्या खांबाला कुणी वाली नाही.

वाली नाही म्हणजे काय होतं, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. कोरकूंच्या गावात नव्हे, माझ्या नोकरीच्या गावी. तिथे गावाबाहेर पडीक जागेत एका भटक्या समाजाची दफनाची जागा होती. दहा-बारा मातीचे उंचवटे, त्यांवर दगड, एका दगडाला चुना लावलेला. जागेचे प्लॉट पडले. एका सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत जमीन सपाट झाली. दोन बायका कडेला उभ्या राहून रडत होत्या. त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता. मी शाळेच्या वाटेवर होतो. सायकल थांबवली, पाहिलं आणि पुढे गेलो. वर्गात त्या दिवशी मी हजेरी घेतली, धडा शिकवला. आज तिथे घरं आहेत, अंगणात तुळशी आहेत, आणि तिथल्या कुणाचा काही दोषही नाही. मी मात्र थांबायला हवं होतं. तलाठ्याकडे जाऊन निदान विचारायला हवं होतं. हा लेख त्या दिवसाचं देणं आहे, असं समजा.

आता कायद्याकडेच पुन्हा येतो, कारण तिथे एक दार उघडं आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे.

2006 चा वनहक्क कायदा आपल्याला जमिनीच्या पट्ट्यांसाठी माहीत आहे. त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू झाले. त्यातला तेरावा नियम पुराव्यांचा आहे. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाने आपला हक्क कशाच्या आधारे सिद्ध करायचा, त्याची यादी तिथे दिली आहे. सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत, निस्तार पत्रक आहे. आणि त्याच यादीत पुरातनपणा दाखवणाऱ्या पारंपरिक खुणांमध्ये विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळं यांची नावं स्पष्ट लिहिली आहेत. म्हणजे मुंड्यांची जागा हा या देशाच्या कायद्याने मानलेला पुरावा आहे. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचा सातबारा त्याच्या पूर्वजांनी झाडाखाली उभा करून ठेवला आहे.

दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. मग दुसरा कोणता? त्याच यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा, स्वतः दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब आहे. अमुक झाडाखाली माझ्या आज्याचा मुंडा आहे, त्याच्या बाजूला त्याच्या भावाचा, आणि सिडोली झाली तेव्हा मी एवढा होतो, असं सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. एक खांब आणि एक म्हातारं माणूस मिळून दोन पुरावे होतात. खांबाला वाळवी लागली आहे, आणि म्हातारी माणसं दर पावसाळ्यात कमी होतात. मला घाई आहे ती यासाठी.

हा मार्ग बुलढाण्यासाठी विशेष मोलाचा आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात धारणी, चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 चा पेसा कायदा ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार देतो. बुलढाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. डोंगर तोच, बोली तीच, सोयरिकी एकमेकांत, पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की पेसाचं छत्र संपतं. वनहक्क कायद्याला मात्र ही हद्द नाही. या कायद्याच्या पाचव्या कलमाने तर ग्रामसभेला आपल्या वस्तीचा सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा नासधुशीपासून राखण्याचा अधिकार दिला आहे. नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या खटल्यात 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरच्या श्रद्धेचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला, तो याच कायद्याच्या आधारे. ओडिशातल्या त्या 12 छोट्या गावांनी एकामागून एक नकार दिला आणि डोंगर वाचला.

वनजमिनीबाहेर, गावाच्या महसुली हद्दीत जागा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं 22 वं कलम आहे. दफनभूमीसाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार त्यात जिल्हाधिकाऱ्यांना आहे. आणि दफनाच्या जागेत कुणाच्या भावना दुखावण्याच्या इराद्याने घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या 301 व्या कलमाखाली गुन्हा आहे. कायदे आहेत. त्यांना लागतो तो एक कागद, ज्यावर जागा कुठे आहे ते लिहिलेलं असेल.

हे सगळं आत्ताच का काढलं, असं कुणी विचारेल. अकोला-खंडवा जुनी मीटरगेज लाइन मेळघाटच्या जंगलातून जात होती. रुंदीकरणाची वेळ आली तेव्हा व्याघ्र प्रकल्प वाचवण्यासाठी मार्ग बाहेरून, हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा पायथ्याच्या बाजूने वळवायचं ठरलं. मला ते मनापासून पटलं. वाघ जगला पाहिजे. पण त्या निर्णयातून मी एक गोष्ट शिकलो. वाघासाठी रेल्वेची रेघ कित्येक किलोमीटर वळू शकते. मग झाडाखालच्या पाच-पन्नास मुंड्यांसाठी एखादा रस्ता, एखादा विजेचा मनोरा, एखादं रोपवन चार पावलं का सरकू नये? वाघ कुठे आहे ते नकाशावर होतं, म्हणून रेघ वळली. मुंडे नकाशावर नाहीत.

रेल्वेला, रस्त्याला माझा विरोध नाही. गोमाल, भिंगारा, चाळीसटापरी या आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या वस्त्या आहेत. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा. त्यांना रस्ता हवाच. पण रस्ता हवा म्हणून पूर्वजांवरून न्यावा, असं त्यांच्यातला कुणी म्हणणार नाही. घाटावरच्या शेतकऱ्यांना तर हे पटकन कळावं. शेगाव-सिंदखेडराजा भक्ती महामार्गाची आखणी आपल्या चिखली तालुक्यातून निघाली तेव्हा आपल्याच लोकांनी सातबारे पुढे करून विरोध केला. नकाशावर कुणीतरी ओढलेली रेघ आपल्या विहिरीवरून गेली की पोटात कसा गोळा येतो, ते आपण अनुभवलं आहे. आपल्याकडे दाखवायला सातबारा होता.

जंगलातून उठवलेल्या गावांची गोष्ट आणखी जड आहे. मेळघाट हा 1973-74 मधल्या देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यातली कोरकूंची गावं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उठून खाली आली. बोरी, कोहा, कुंड आधी आली, मग वैराट, चुर्णी, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी. कुटुंबाला आधी 10 लाख, 2021 पासून 15 लाखांचं पॅकेज. त्यात नव्या गावाच्या सोयींमध्ये देवस्थान आणि दफनभूमीही धरलेली आहे, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. नवी जागा मिळते. पण जुन्या जागेत जे आहेत त्यांचं काय, याला पॅकेजमध्ये उत्तर नाही. घराची किंमत झाली, विहिरीची झाली, आंब्या-मोहाच्या झाडांची झाली. आजा तिथेच राहिला. आणि ज्यांची सिडोली व्हायची राहिली होती, त्यांचा खांब कुठे रोवायचा? जानेवारी 2019 मध्ये केलपाणी, गुल्लरघाट या भागात पुनर्वसित माणसं परत जंगलात गेली, वन खातं आणि पोलिसांशी मोठी चकमक झाली, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. त्यांच्या मागण्या शेतजमिनीच्या, सोयींच्या होत्या. पण माणूस भांडून परत कुठे जातो? जिथे त्याची माणसं पुरलेली आहेत तिथेच जातो.

यावर तोडगा निघतो, हे कर्नाटकात दिसलं आहे. बिळिगिरी रंगनाच्या डोंगरातल्या सोलिगा आदिवासींनी एका संशोधन संस्थेच्या मदतीने आपल्या साडेचारशेहून अधिक पवित्र जागांचा नकाशा केला. देवाच्या जागा, झाडं, झरे, आणि पूर्वजांच्या दगडांच्या जागासुद्धा. 2011 मध्ये त्यांच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि ते जंगल व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वाघही आहेत आणि सोलिगाही आहेत. जवळचं उदाहरण हवं तर अचलपूर तालुक्यातलं पायविहीर बघा. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या आदिवासी गावाने उजाड जंगल पुन्हा उभं केलं, 2014 मध्ये देशपातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. हक्क मिळाला की माणसं जंगल खातात, ही भीती पायविहिरीने खोटी ठरवली.

म्हणून आता आवाहन.

सातपुड्यातल्या ग्रामसभांना आणि वनहक्क समित्यांना पहिली विनंती. तुमच्या जागा तुम्हाला ठाऊक आहेत, त्या कागदावर आणा. झाड कोणतं, नाला कुठे, मुंडे किती, कोणत्या कुळाचे, शेवटची सिडोली कधी झाली, हे तुमच्या वहीत तुमच्या हाताने लिहा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब या हंगामातच लिहून घ्या, खाली अंगठा घ्या, साक्षीदार घ्या. सामूहिक दाव्यात दफनाच्या जागा वेगळ्या दाखवा. वही ग्रामसभेची राहू द्या. जी जागा बाहेरच्याला सांगायची नाही, ती सांगू नका. दाव्यापुरती हद्द दाखवली तरी पुरते. कोरकू बोलणारी सात लाखांहून जास्त माणसं 2011 च्या जनगणनेत मोजली गेली. त्यांच्या भाषेत कोरकू म्हणजे माणसं. या माणसांच्या मेलेल्यांची मोजणी त्यांनीच करावी.

घाटावरच्या आणि घाटाखालच्या आपल्या लोकांना दुसरी. या कामात पुढारीपण आपलं नाही, हमाली आपली. निवृत्त शिक्षक असाल तर जबाब लिहायला बसा. मोजणीचं काम येत असेल तर जीपीएस घेऊन जा, पण ग्रामसभेने बोलावल्यावर. वकील असाल तर उपविभागीय समितीपुढे एखाद्या गावाचा दावा फुकट मांडा. चिखली, खामगाव, बुलढाणा, शेगावच्या कॉलेजांतल्या मराठीच्या, इतिहासाच्या प्राध्यापकांनी आपली मुलं पाठवावीत, आधी कोरकूतले चार शब्द शिकवून. आणि कुणी कोरीव मुंडा दिवाणखान्यात ठेवायला विकत देऊ केला, तर घेऊ नका. तो कुणाचा तरी बाप आहे. मोबाइलवर त्याचे रील टाकू नका. चपला काढा.

जिल्हा प्रशासनाला आणि वन खात्याला तिसरी. जिल्हास्तरीय वनहक्क समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या दफनस्थळांची नोंद हा विषय त्यांनी स्वतः बैठकीत घ्यावा. आखणी, भूसंपादन, रोपवन यांच्या प्रत्येक प्रस्तावासोबत ग्रामसभेच्या नोंदीतल्या दफनस्थळांचा नकाशा जोडणं बंधनकारक करावं. ज्यांची गावं उठली, त्यांना वर्षातून ठरावीक दिवशी जुन्या जागेवर जाऊन खांब रोवण्याची, नैवेद्य दाखवण्याची मुभा लेखी द्यावी. सोबत वनरक्षक असला तरी चालेल. दोन दिवसांच्या सिडोलीने वाघाचं काही बिघडत नाही. पहिला मुंडा पाहिला तेव्हा सोबत असलेल्या आजोबांना त्या दिवशी मी जागेवरून परत येताना विचारलं होतं, सरकारकडे काय मागायचं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जागेकडे बोट केलं आणि एवढंच सांगितलं की तिथून कुणी उठवू नये.

1 मे रोजी महाराष्ट्रातल्या गावोगाव ग्रामसभा होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या प्रत्येक गावात त्या दिवशी एकाच ओळीचा ठराव घ्या: आमच्या पूर्वजांच्या दफनाच्या जागा आम्ही मोजणार आहोत, त्यांची नोंद होईपर्यंत त्या जागांवर कोणतंही काम सुरू करू नये. ठरावाची प्रत तहसीलदारांना, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि उपविभागीय अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. त्यानंतर पावसाळ्याला एक महिना उरतो. जबाब लिहायला मी येतो, माझ्यासारखे आणखी दहाजण घाटावरून आणतो. तुम्ही बोलवा.